‘द लॉजिकल साँग’ मंचावर आणताना : वुर्लिट्झर २०६ए आणि मांडणीच्या नोंदी

२ जून २०२४, पुणे

काम काय आहे ते आधी लिहून ठेवू. सुपरट्रॅम्प या इंग्लिश बँडचं ‘द लॉजिकल साँग’ मूळ पट्टीत, खऱ्या वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानोवर, पाच जणांच्या संचाने मंचावर वाजवायचं. कीबोर्डमधल्या तयार आवाजावर भागवायचं नाही.

गाणं १९७९ सालचं, ‘ब्रेकफास्ट इन अमेरिका’ या अल्बममधलं. लिहिलं आणि गायलं रॉजर हॉजसन यांनी. श्रेयात रिक डेव्हिस यांचंही नाव आहे. ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या व्हिलेज रेकॉर्डर स्टुडिओत झालं, निर्मिती पीटर हेंडरसन आणि बँडची. अमेरिकेत ते सहाव्या क्रमांकापर्यंत चढलं, ब्रिटनमध्ये सातव्या. १९८० साली त्याला आयव्हर नोव्हेलो पुरस्कार मिळाला. उत्तम ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी हेंडरसन यांना याच अल्बमसाठी मिळालं, म्हणून त्यातला प्रत्येक आवाज आपण कान देऊन ऐकायचा.

हॉजसन लहानपणापासून बोर्डिंग शाळेत वाढले. बकिंगहॅमशरच्या स्टो स्कूलचे ते विद्यार्थी. गाण्याचा आशय तिथून येतो. पहिल्या कडव्यात जग अद्भुत, सुंदर, जादूचं आहे. मग मुलाला दूर पाठवलं जातं आणि विशेषणं बदलतात: समजूतदार, तर्कशुद्ध, जबाबदार, व्यवहारी. तिसऱ्या कडव्यात समाज शिक्के मारायला लागतो. कोरसमध्ये तोच मुलगा, आता मोठा झालेला, रात्री सगळे झोपल्यावर विचारतो की मी कोण आहे ते मला सांगा. सगळी गोष्ट विशेषणांच्या यादीतून सांगितली आहे. यादी सपाट वाजली तर गाणं सपाट होतं. पुढच्या सगळ्या कामाची कसोटी हीच.

वाद्य मिळालं आहे ते २०६ए हे मॉडेल. वुर्लिट्झरने २००ए मंचासाठी काढलं, तर २०६ए शाळांच्या संगीतवर्गासाठी. वर्गात ओळीने वाद्यं मांडलेली, मुलांच्या कानाला हेडफोन, आणि शिक्षक आपल्या जागेवरून हव्या त्या मुलाचं वाजवणं ऐकणार. आतली यंत्रणा दोन्हींची एकच. फरक इतकाच की २०६एचे स्पीकर झाकणात नसून खालच्या स्टँडच्या खोक्यात असतात आणि त्याला व्हायब्रेटो, म्हणजे आवाज थरथरवण्याची सोय, दिलेला नसतो. शाळेने बालपण काढून घेतल्याचं गाणं शाळेच्याच वाद्यावर वाजणार, हा योग आम्हाला मोलाचा वाटतो.

५ जून

झाकण काढलं. ६४ पट्ट्या, खालचा ए ते वरचा सी. इथून पुढे सूर क्रमांकानेच लिहू: खालचा ए म्हणजे १, मधला सी २८, ई फ्लॅट ३१, जी ३५. गाणं सी मायनरमध्ये आहे, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी एकमधून. त्यामुळे २८, ३१, ३५ या तीन सुरांवर सगळ्यात जास्त मार पडणार.

तपासणीत सापडलेलं: सात पट्ट्या दाबल्यावर हळू वर येतात, दोन सूर पूर्ण मुके, एक रीड, म्हणजे सूर देणारी पोलादाची पातळ पट्टी, मोडलेली (५२), डॅम्परचा, म्हणजे आवाज थांबवणाऱ्या भागाचा, फेल्ट तीन ठिकाणी कुरतडलेला. रीडवर आघात करणाऱ्या हॅमरच्या तोंडावर मधल्या दोन सप्तकांत खोल चरे. रीडवरचं धातूचं आवरण शाबूत आहे, ही सगळ्यात चांगली बातमी. ते नसेल तर वाद्य रेडिओसारखं गुणगुणतं.

पट्ट्यांच्या पुढच्या कडेला, बोट लागतं त्याच्या जरा खाली, फिकट पेन्सिलने अक्षरं लिहिली आहेत: सी, डी, ई, एफ. अक्षर लहान मुलाचं दिसतं. एफ उलटा काढून मग खोडून सरळ केला आहे. पट्ट्या ओल्या फडक्याने पुसताना पुढची कड सोडायची. स्पिरिट अजिबात लावायचं नाही.

८ जून

वीज. वाद्य अमेरिकन, म्हणजे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. व्होल्टेज उतरवता येतं. हर्ट्झ तसेच राहतात. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावरचा भार व्होल्ट भागिले हर्ट्झ या प्रमाणात असतो. मूळ प्रमाण १२० भागिले ६०, म्हणजे २. आपण ५० हर्ट्झवर १२० व्होल्ट दिले तर ते २.४ होतं, गाभा संपृक्त होऊ लागतो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. ११० व्होल्ट दिले तर २.२. बरोबर १०० व्होल्टला प्रमाण पुन्हा २ येतं, पण आतली सगळी व्होल्टेज सहाव्या हिश्शाने पडतात आणि ॲम्प्लिफायरचा दम जातो. ११० व्होल्टवर ठरवलं.

घेतलेला ट्रान्सफॉर्मर: ३०० व्हीए, २३० ते ११०, दोन वेगळ्या वाइंडिंगचा. बाजारात ऑटोट्रान्सफॉर्मर स्वस्त मिळतो, तो घ्यायचा नाही. त्यात घरची लाइन आणि वाद्य विजेने वेगळे होत नाहीत, आणि या वाद्याची चौकट धातूची आहे. कॉर्ड बदलून तीन तारांची टाकली, अर्थिंग थेट चौकटीला, दातेरी वॉशर लावून. खालचा रंग खरवडल्याशिवाय वॉशर कसायचा नाही.

पहिल्यांदा चालू करताना २३०च्या बाजूला ६० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवला. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक. तसाच जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. मंद झाला. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.

१५ जून

गुणगुण. आवरण लावूनही १०० हर्ट्झची भरड गुणगुण येत होती. कारण वयाचंच: वीज गाळणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर चाळीस वर्षं ओलांडलेले. सगळे एकदम बदलले. धारण मूळ छापील आकड्याइतकी किंवा किंचित जास्त, व्होल्टेजची मर्यादा मूळपेक्षा कमी कधीच नाही, तापमान १०५ अंशांचं. सुटे भाग बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत मिळाले.

सावधगिरी नीट वाचावी. या वाद्यात रीड आणि पिकअप (रीडची हालचाल टिपणारा धातूचा भाग) यांच्यामध्ये सुमारे १५० व्होल्ट डीसी असतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतो. प्लग काढायचा, पाच मिनिटं थांबायचं, मल्टिमीटरने ५ व्होल्टच्या खाली आल्याचं बघायचं, मगच चिमटा आत घालायचा.

गुणगुण आता आवरण लावल्यावर नाहीशी, काढल्यावर भरपूर. हे असंच असतं. आवरण काढून दुरुस्तीचा निर्णय घेऊ नका. डोक्यावरची ट्यूबलाइटसुद्धा त्यात ऐकू येते.

२३ जून

रीडचं काम. सगळ्या प्रकल्पात जास्त वेळ याला गेला आणि तो द्यायलाच हवा होता.

वुर्लिट्झरची रीड म्हणजे एका टोकाला स्क्रूने घट्ट धरलेली पोलादी पट्टी. दुसऱ्या मोकळ्या टोकावर सोल्डरचा छोटा डोंगर असतो. खालून हॅमर मारला की पट्टी पिकअपच्या दोन दातांच्या मधल्या फटीत वरखाली हलते. पट्टी आणि दात यांचा मिळून एक कपॅसिटर होतो. पट्टी हलली की त्याची धारण बदलते आणि १५० व्होल्टमुळे तो बदल आवाज होऊन बाहेर येतो. रोड्स पियानोसारखं इथे चुंबक नाही.

सूर लावण्याचा नियम सोपा. टोकावरचं सोल्डर वाढवलं की सूर उतरतो, घासून कमी केलं की चढतो. पेटी दुरुस्त करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पेटीचा सूरही टोकाकडे खरवडला की चढतो आणि मुळाकडे खरवडला की उतरतो. मात्र पेटीत पितळेची पातीच खरवडतात. इथे पोलादाला कानस लावायची नाही; पोलादावर आडवा ओरखडा पडला की तिथूनच पुढे रीड मोडते.

क्रम असा ठेवला. वाद्य वीस मिनिटं चालू ठेवलं. हेडफोनच्या जॅकवरून ट्यूनर. प्रत्येक सूर मध्यम जोराने तीनदा वाजवून मधला आकडा लिहिला. मग कानस हातात घेण्याआधी ६४ स्क्रू तपासले. सैल स्क्रूची रीड उतरते आणि लवकर विझते. ऐकणाऱ्याला वाटतं सोल्डर जास्त झालं. नुसता स्क्रू कसून १४ सूर जागेवर आले. ४१ आधीच पाच सेंटच्या आत होते (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). उरले ९, त्यात मोडलेल्या ५२ क्रमांकाच्या जागी घातलेली नवी रीडही आली. स्क्रू कसताना मनगटाचा जोर पुरे. खांद्याचा लावला तर खालच्या ॲल्युमिनियमचे आटे जातात.

चढलेल्या चार रीड बाहेर काढून सोल्डर वाढवलं. सोल्डर ६०-४० शिशाचं. शिसेविरहित सोल्डरला जास्त उष्णता लागते आणि ते जुन्या सोल्डरमध्ये नीट मिसळत नाही. रीडच्या मधोमध पितळेचा चिमटा लावला, म्हणजे उष्णता टोकापुरती राहते आणि पोलादाचा कस जात नाही. सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचं नाही. डोंगर रीडच्या रुंदीबाहेर सांडता कामा नये. सांडला तर तो पिकअपच्या दाताला लागतो आणि सूर मुका होतो. दोन मुक्या सुरांपैकी एकाचं कारण हेच निघालं, जुन्या कोणीतरी केलेलं.

उतरलेल्या पाच रीड घासल्या. बारीक सपाट कानस, हात मुळाकडून टोकाकडे, रीडखाली लाकडाची फळी. तीन-चार हात, मग पुन्हा मोजणी. रीड परत बसवताना ती फटीच्या बरोबर मध्ये आहे का ते भिंगातून पाहायचं: दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखी रेघ दिसली पाहिजे. एका बाजूची रेघ नाहीशी झाली असेल तर स्क्रू अर्धा फेरा सैल करून रीड नखाने सरकवायची.

गरम रीड मोजू नका. सोल्डर लावल्यावर ती उतरलेली दिसते, तुम्ही घासता, आणि थंड झाल्यावर ती चढून बसते. आमच्या चारपैकी एकीवर हे झालं आणि काम दोनदा करावं लागलं.

३० जून

सूर लागले, पण आता कडकडाट. जोरात वाजवलं की तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज. कारण आठवडाभरापूर्वीचा सोल्डरचा कीस. रीड आणि पिकअप यांच्या फटीत एक कण अडकला तरी १५० व्होल्ट त्यातून उडी मारतात. आम्ही आधी चुंबक फिरवला, तो वाया गेला. पोलादाचा कीस चुंबकाला चिकटतो, कथील-शिशाचा नाही. उपाय: प्लग काढून, थांबून, मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम एकत्र, मग तलम कागदाची पट्टी प्रत्येक फटीतून एकदा सरळ ओढायची. फुंकर मारायची नाही, तोंडाची वाफ आत जाते.

यापुढे कानसकाम हार्पपासून, म्हणजे रीड आणि पिकअप बसवलेल्या भागापासून, दूर, दुसऱ्या टेबलावर.

७ जुलै

पाऊस लागला आणि सात हळू पट्ट्यांच्या एकोणीस झाल्या. पट्टीच्या आतल्या फेल्टचं अस्तर ओलीने फुगून पिनेला आवळतं. अस्तर कापू नका, हिवाळ्यात पट्टी खडखडेल. पट्टी काढून अस्तर चिमट्याने हलकं दाबलं, पिना कोरड्या फडक्याने चकचकीत केल्या. तेल नाही. तेलाने चार दिवस छान चालतं आणि मग धूळ धरून पट्टी कायमची जड होते.

ओलीचा दुसरा त्रास जास्त फसवा. पिकअपचं परिपथ फार उच्च रोधाचं असतं; आधाराच्या फळीवर ओलसर धूळ बसली तर तिच्यातून वीज झिरपते आणि मधूनच फट-फट येते. झाकणाखाली सिलिका जेलच्या २०० ग्रॅमच्या दोन पिशव्या ठेवल्या. त्या दर आठवड्याला बदलायच्या.

१४ जुलै

हॅमर. मधल्या दोन सप्तकांचे चरे बारीक पॉलिश कागदाने घासून तोंडं गोल केली. सगळे सूर एकसारखे, मऊ, गोड झाले. मोजणीत सगळं उत्तम. आणि गाणं गेलं.

हे सविस्तर लिहायला हवं. वुर्लिट्झरला दोन आवाज असतात. हलक्या हाताने खेळण्यातल्या पियानोसारखा, जवळजवळ बासरीकडे झुकणारा. जोराने मारलं की रीड पिकअपच्या दातांमधून पार आरपार जाते, लहर वेडीवाकडी होते आणि आवाज खेकसतो. ‘द लॉजिकल साँग’ या दोन आवाजांच्या मध्ये उभं आहे. त्यातली पियानोची एकसारखी ठोकणी पहिल्या ओळींत खेळण्यासारखी वाटते आणि शिक्क्यांच्या यादीपाशी घड्याळासारखी, शाळेच्या घंटेसारखी. सूर तेच, फक्त हाताचा जोर बदलतो. आपण वाद्य इतकं सुधारलं की ते कितीही मारलं तरी गोडच बोलू लागलं. मुलगा मोठा झालाच नाही.

दुरुस्ती: हॅमरचं तोंड पुन्हा टणक करण्याची घाई केली नाही. आधी रीडची पिकअपच्या पातळीशी उंची पाहिली. रीड दातांच्या बरोबर मधोमध शांत उभी असेल तर वरखाली दोन्ही फेऱ्यांत सारखाच बदल होतो आणि वरच्या सप्तकाचा सूर मिसळतो, मूळ सूर पातळ होतो. किंचित वर किंवा खाली असेल तर मूळ सूर भरीव येतो आणि जोराने मारल्यावर खेकसणं मिळतं. मधल्या सप्तकातल्या अकरा रीडखाली कागदाइतक्या पातळ पितळी चकत्या घालून उंची बदलली. पिकअपचे दात वाकवण्याचा मोह टाळावा. ते दोन-तीनदा वाकवले की तुटतात.

त्यानंतर फक्त २४ ते ४० या हॅमरचं तोंड लाकडी दांड्याने दाबून घट्ट केलं. आता हलका हात आणि भारी हात यांत खरा फरक आहे. ३१ क्रमांक बाकीच्यांपेक्षा थोडा लवकर खेकसतो. तो तसाच ठेवला.

२१ जुलै

लय. गाणं मिनिटाला सुमारे १२० ठोक्यांचं. पियानो अर्ध्या-अर्ध्या मात्रेने चालतो, म्हणजे दर २५० मिलिसेकंदांना एक आघात, सेकंदाला चार. गाणं सव्वाचार मिनिटांच्या आत संपतं; सतत वाजवलं असं धरलं तर एकेका रीडवर एका वेळी हजारेक आघात. तालमीत सहा वेळा गाणं झालं की सहा हजार. रीड थकून मोडते ती अशी.

व्हायब्रेटो बसवायचा का, हा प्रश्न आज निकाली काढला. २००एचा व्हायब्रेटो खरं तर आवाज कमी-जास्त करतो, सेकंदाला साडेपाचच्या आसपास वेळा, म्हणजे दर १८० मिलिसेकंदांना एक लाट. आपले आघात २५०चे. दोन्ही कधीच जुळत नाहीत. काही आघात लाटेच्या माथ्यावर पडतात, काही खड्ड्यात, आणि लय लंगडी ऐकू येते. बसवायचा नाही. थोडी रुंदी हवी असेल तर २५० मिलिसेकंदांचा एकच डीले, अगदी हळू, परत फिरणारा नाही.

पेडल: सस्टेन पेडल दाबून ठेवायचं नाही. आघात सुटे हवेत. वादकाचं मनगट दमतं तेव्हा पाय आपोआप पेडलवर जातो. तालमीत तिसऱ्या फेरीपासून हे दिसतं. उपाय म्हणजे बोटं पट्टीवरून न उचलणं. पट्टी अर्धीच वर आली तरी या यंत्रणेत पुन्हा आघात मिळतो, मात्र पट्टीखालचा स्क्रू नीट लावून हॅमरची यंत्रणा वेळेवर परत बसली पाहिजे. तो ढिला असेल तर दर चौथा-पाचवा आघात गळतो. २८ आणि ३५ वर गळत होता, पाव फेरा पुरला.

२४ जुलै

परवानगी. मंचावर वाजवण्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा परवाना कार्यक्रमाच्या आयोजकाने घ्यायचा, लेखी सांगितलं. ध्वनिमुद्रण काढायचं ठरलं तर कव्हर व्हर्शनसाठी कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी लागू होतं, त्यात वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरावं लागतं. मराठी शब्द बसवण्याची सूचना आली होती. भाषांतराला मूळ हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. ते सोडून दिलं. इंग्रजीतच गायचं.

२८ जुलै

गळा आणि सॅक्सोफोन. हॉजसन यांचा आवाज उंच आणि पातळ आहे, त्यामुळे गायकाकडून पट्टी उतरवण्याची मागणी आली. एक स्वर उतरवून बी फ्लॅट मायनर करून पाहिलं. गळा सुखावला, पण पियानोचे आघात खालच्या जाड रीडवर गेले आणि खेळण्यासारखा आवाज हरवला. परत सी मायनर. कोरसमध्ये ज्या ओळी ताणल्या जातात तिथे दुसरा गायक फॉल्सेटोत, म्हणजे पातळ केलेल्या उंच आवाजात, वर जातो आणि मुख्य गायक जोर न लावता खाली राहतो. गळ्यावर ताण आलेला ऐकू यायला हरकत नाही. तो प्रश्न विचारणारा माणूस आहे. ओरडणं मात्र नको.

उच्चारांचं काम जास्त निघालं. ‘लॉजिकल’, ‘प्रॅक्टिकल’, ‘सिनिकल’ हे शब्द मराठी बोलणारा तिन्ही अक्षरांवर सारखा भार देऊन म्हणतो. इंग्रजीत भार पहिल्या अक्षरावर, पुढची दोन गडगडत जातात. सारखा भार दिला की यादी पाढ्यांसारखी होते आणि ठेका बसतो खाली. तालमीत शब्द न गाता फक्त भाराच्या जागी टाळी वाजवून दहा मिनिटं म्हटले, मग सूर. शेवटचा ‘ल’ जिभेचं टोक दातामागे न दाबता सोडायचा. तिसऱ्या कडव्याच्या यादीत शेवटी माणूस निर्जीव भाजीसारखा होऊन बसतो. तो शब्द हसत म्हणायचा मोह होतो, कारण तो विनोदी वाटतो. तो इतर शब्दांच्याच आवाजात म्हणायचा.

सॅक्सोफोन: मूळ वादक जॉन हेलिवेल. सॅक्सचा सूर लिहिल्यापेक्षा वेगळा वाजतो, म्हणून लिहून देताना सी मायनरसाठी अल्टो सॅक्सला ए मायनर, टेनर सॅक्सला डी मायनर. आपल्याकडे टेनर आहे. सोलो कडव्याच्याच स्वरावलीवर असल्यामुळे वादक दर तालमीत काहीतरी नवं घालू पाहतो. सुरुवातीच्या आठ मात्रा तरी मूळ चालीने घ्यायच्या, कारण गायक थांबतो तिथे सॅक्स त्याचंच वाक्य पुढे नेतो.

४ ऑगस्ट

लहान आवाज. कॅस्टनेट्स, म्हणजे एकमेकींवर आपटून वाजवायच्या छोट्या वाट्यांच्या जोड्या: खऱ्या लाकडाच्या, दांडीवर बसवलेल्या घ्याव्यात, दोरीच्या कॅस्टनेट्स बोटात धरून वाजवायला महिने लागतात. चिपळ्या चालणार नाहीत, त्यांतल्या घुंगरांचा किणकिणाट पियानोच्या वरच्या सुरांवर बसतो. ड्रम्स आपल्या मांडणीत पहिल्या कडव्याच्या पूर्वार्धात पूर्ण बंद, तिथे पियानो, गळा आणि कॅस्टनेट्स एवढंच.

गाण्याच्या शेवटी ‘डिजिटल’ हा शब्द अडखळत येतो, त्यापाशी मॅटेल कंपनीच्या हातात धरायच्या इलेक्ट्रॉनिक फुटबॉल खेळाचा आवाज मूळ ध्वनिमुद्रणात आहे. खेळणं १९७७ चं. लहानपणाच्या गाण्याला शेवटी खेळण्यानेच उत्तर द्यायचं, ही कल्पना फार सुंदर आहे आणि ती गाळायची नाही. खेळणं शोधत बसलो नाही. तशा जातीचा बीप बनवला. ५५५ टायमर आयसी, १ आणि १० किलोओहम, ०.०४७ मायक्रोफॅरड, ९ व्होल्टची बॅटरी. सुमारे १,४६० हर्ट्झ येतात.

पहिल्या फेरीत बटण बॅटरीच्या तारेत दिलं होतं. दाबताक्षणी स्पीकरमधून ठप्प आवाज. आता बॅटरी कायम जोडलेली, बटण आयसीच्या चौथ्या पायावर, आणि तो पाय १० किलोओहमने ग्राउंडला. बटण दाबलं तरच टायमर सुरू होतो. आउटपुट १ मायक्रोफॅरडमधून, मग १०० किलोओहम आणि १ किलोओहमच्या विभागणीने खाली आणून डीआय बॉक्सला (वाद्याचा सिग्नल थेट मिक्सरला नेणारी पेटी). बटण ड्रमवादकाकडे न देता दुसऱ्या गायकाकडे, कारण शब्द त्याच्या तोंडासमोर आहे.

११ ऑगस्ट

पूर्ण तालीम. पाचव्या फेरीत ३१ मोडली. आधी अर्धा मिनिट तिचा सूर घसरत होता, हे ध्वनिमुद्रण ऐकताना लक्षात आलं. ही खूण ध्यानात ठेवावी: नीट लागलेला सूर अचानक दहा-पंधरा सेंट उतरला तर मुळाशी तडा गेला आहे, फेरी संपवायची, पुढची सुरू करायची नाही. तुटलेला तुकडा हार्पमध्ये पडतो, तो काढल्याशिवाय चालू करायचं नाही. हा पोलादाचा, म्हणून या वेळी चुंबक उपयोगी पडला.

नवी रीड बसवून लावायला पन्नास मिनिटं गेली. कार्यक्रमाला २८, ३१, ३५ आणि २४ यांच्या आधीच लावलेल्या जास्तीच्या रीड बरोबर ठेवायच्या, प्रत्येक वेगळ्या काडेपेटीत, वर क्रमांक. बसवल्यावर दोन-चार सेंट इकडे-तिकडे होतील, तेवढं मंचावर चालतं.

मोडण्याचं खरं कारण हाताचा जोर. पियानोवादकाला मॉनिटरमधून, म्हणजे त्याच्यासाठी ठेवलेल्या स्पीकरमधून, पुरेसं ऐकू येत नव्हतं, म्हणून तो जास्त मारत होता.

१७ ऑगस्ट

साउंडचेक. हेडफोन जॅकवरून डीआय आणि स्टँडच्या स्पीकरसमोर १५ सेंटिमीटरवर एक माइक, दोन्ही मिसळून. एकत्र केल्यावर आवाज पोकळ झाला तर माइकची फेज उलटवायची, उलटवावी लागली. ८० हर्ट्झखाली कापलं, २५० हर्ट्झला ३ डेसिबल कमी, १,८०० हर्ट्झला २ डेसिबल जास्त. रिव्हर्ब फक्त कोरसमध्ये.

मंचाच्या फळ्यांतून बास ड्रमचा हादरा वाद्यात चढत होता आणि खालच्या रीड आपोआप हलून घुमत होत्या. चारही पायांखाली २५ मिलिमीटर जाडीचे रबराचे तुकडे घातले, वाद्य ड्रमपासून दोन मीटर लांब नेलं. पियानोचा मॉनिटर वादकाच्या कानाच्या उंचीला आणला, आणि हात आपोआप हलका झाला. पहिलं कडवं आता कुजबुजीइतकं सुरू होतं.

शेवटची मोजणी: ३१ दोन सेंट वर. आज कानस लावली नाही. सिलिका जेलच्या पिशव्या बदलल्या, काडेपेट्या झाकणाखाली उजव्या कोपऱ्यात, भिंग त्यांच्या शेजारी.